जुन्या गाडीचा ब्रेक धरतोय? आधी निपल उघडा, मग पार्ट आणा

गाडीचं ॲव्हरेज पडलं, न्यूट्रलमध्ये सोडली तर आपसूक घरंगळणारी गाडी चार हातांवर थांबायला लागली, सिग्नलला उभं राहिल्यावर जळकट वास आला, की बहुतेकांचा पहिला संशय क्लचवर जातो. क्लच बघाच, पण त्याआधी चारही चाकांजवळ हात नेऊन बघा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर क्लच निर्दोष आहे. ब्रेक धरतोय, म्हणजे पाय काढला तरी तो पूर्ण सुटत नाही.

हा लेख पंधरा-वीस वर्षं जुन्या, साध्या गाड्यांसाठी आहे: मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका. या गाड्यांना पुढे डिस्क (तिला दोन बाजूंनी पॅड चिमटतात) आणि मागे ड्रम (त्याला आतून लायनर दाबतात) असतो, आणि हँडब्रेक केबलने मागचे लायनर ओढतो. पद्मिनी किंवा जुनी अम्बॅसडर असेल तर पुढेही ड्रमच असण्याची शक्यता धरा. तपासणीचा क्रम तोच.

नवशिक्यांचे पैसे वाया जातात ते एकाच कारणाने. जे चाक तापतं त्याचे पॅड बदलले जातात. पॅड बिचारे घासले जातात, ते काही स्वतःहून डिस्कला जाऊन चिकटत नाहीत. त्यांना कुणीतरी दाबून धरलेलं असतं: एक तर अडकलेल्या ऑइलच्या दाबाने, नाहीतर गंजलेल्या, सुकलेल्या एखाद्या लोखंडाने. या दोहोंपैकी कोण, हे ठरेपर्यंत दुकानात जायचं नाही. आणि ते ठरवायला एक रिंग पाना पुरतो.

आधी गाडी नीट उभी करा

सपाट, कडक जमीन हवी. माती असेल किंवा पेव्हर ब्लॉक खचलेले असतील तर त्या जागी जॅक लावू नका. जे चाक उचलणार त्याच्या विरुद्ध टोकाच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. स्टेपनीसोबत आलेला जॅक गाडी उचलण्यापुरता; उचलल्यावर जॅक स्टँड लावायचं, आणि काढलेलं चाक गाडीच्या बॉडीखाली आडवं सरकवून ठेवायचं. स्टँड नसेल तर शेजाऱ्याकडून मागून आणा, पण विटांवर गाडी ठेवू नका. वीट फुटते ती सांगून फुटत नाही.

सामान फार लागत नाही. व्हील पाना, ८ आणि १० चा रिंग पाना, गोटी पान्यांचा सेट, वायर ब्रश, पॉलिश पेपर, सी-क्लॅम्प, निपलवर (चाकापाशी ब्रेक ऑइल सोडायचं छोटं तोंड) बसेल अशी पारदर्शक नळी, एक रिकामी बाटली, ब्रेक क्लीनरचा कॅन आणि सीलबंद ब्रेक ऑइल. हातमोजे आणि चष्मा चैनीत मोजू नका. ब्रेक ऑइल डोळ्यात गेलं तर भाजतं, आणि गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग सोलून निघतो. सांडल्यावर पुसत बसू नका, भरपूर पाण्याने धुवा.

लायनरच्या काळ्या धुळीबद्दल एक गोष्ट बजावून सांगतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ड्रम उघडला की हवेच्या पाइपने फूः करून सगळी धूळ उडवणं हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. तो करू नका, करणाऱ्याच्या शेजारीही उभे राहू नका. क्लीनरने ओलं करून फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

कुठलं चाक, आणि कधी?

गाडी आठ-दहा किलोमीटर चालवा, शक्यतो ब्रेक कमी वापरून. शेवटी रिकाम्या रस्त्यावर न्यूट्रल करून तिला स्वतःहून थांबू द्या. उतरून प्रत्येक रिमजवळ हात न्या, टेकवू नका. धरलेल्या ब्रेकची डिस्क कातडी सोलण्याइतकी तापते. शंका असेल तर डिस्कवर पाण्याचा एक थेंब सोडा. चर्रकन उडाला तर उत्तर मिळालं. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर डाव्या-उजव्याची तुलना करा. पुढची चाकं मागच्यापेक्षा थोडी गरम असणारच, कारण ब्रेकचं जास्त काम पुढे होतं. फरक बघायचा तो एकाच ॲक्सलवरच्या दोन चाकांत.

आता हे कोडं सोडवताना चाकांची जोडी फार बोलते. एकच पुढचं चाक गरम असेल तर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) किंवा त्या चाकाचा होज पाइप (ऑइल नेणारी रबरी नळी). मागचं एक किंवा दोन्ही असतील तर आधी हँडब्रेक केबल. पुढचं उजवं आणि मागचं डावं अशी तिरपी जोडी धरत असेल तर मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलतो तो) बघा. अनेक छोट्या गाड्यांत ब्रेकच्या दोन लाइन अशाच तिरप्या विभागलेल्या असतात. चारही धरत असतील तर दोष चाकापाशी नाहीच, तो बॉनेटखाली किंवा पेडलपाशी आहे.

वेळही लक्षात ठेवा. सकाळी पहिल्यांदा काढताना कट्ट आवाज होऊन चाक सुटतं आणि नंतर काही त्रास नाही, हा रात्रभराच्या ओलीने आलेला वरवरचा गंज. पण सकाळी गाडी मोकळी, अर्ध्या तासाने जड, पेडल वर आलेलं आणि दगडासारखं कडक, आणि चहा पिऊन परत आलो की पुन्हा मोकळी, हे लक्षण वेगळं आणि जास्त गंभीर. तापलेलं ऑइल फुगतंय आणि त्याला परत बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीत जायला वाट मिळत नाही. तशा अवस्थेत घाटात उतरू नका. ऑइल उकळलं की तेच कडक पेडल भसकन खाली जातं.

निपलची परीक्षा

हा लेखाचा गाभा, म्हणून सावकाश वाचा.

ब्रेक धरलेला असतानाच ही परीक्षा करायची असते. थंड होऊन सुटल्यावर काही कळत नाही. म्हणून चालवून आल्यावर गाडी सपाट जागी आणा, दगड लावा, हँडब्रेक सोडा, इंजिन बंद करा, संशयित चाक उचला, स्टँड लावा आणि हाताने फिरवून बघा. डिस्कचं चाक फिरताना पॅडचा हलका खसखस आवाज येणं ठीक. दोन्ही हातांनी जोर लावावा लागणं ठीक नाही. पुढचं चाक फिरवताना गिअरबॉक्सकडून येणारा ड्राइव्ह शाफ्टही सोबत फिरतो, त्यामुळे गिअर न्यूट्रलला असू द्या आणि दुसऱ्या बाजूच्या चाकाशी तुलना करा.

आता चाक काढा. कॅलिपरच्या मागे रबरी टोपी घातलेलं छोटं निपल दिसेल. टोपी काढा, नळी चढवा, तिचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. रिंग पान्याने निपल पाव फेरा सोडवा. फिक्स पाना वापरू नका, कडा गोल होतात आणि मग दिवसभराचं काम. गंजलं असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा.

निपल सुटताक्षणी ऑइलची बारीक चिळकांडी उडाली आणि डिस्क हाताने सहज फिरायला लागली, तर ऑइलचा दाब अडकलेला आहे. थेंबथेंब ऑइल आलं आणि डिस्क तशीच घट्ट राहिली, तर दाबाचा प्रश्न नाही. कॅलिपरच जाम आहे. निपल लगेच बंद करा.

दाब निघाला, तर पुढचा प्रश्न: तो अडकला कुठे? पुन्हा ब्रेक धरेपर्यंत पेडल मारा. या वेळी निपलला हात न लावता, जिथे लोखंडी पाइप संपून रबरी होज सुरू होतो तो जोड किंचित सैल करा. तिथे ऑइल आलं आणि तरी चाक मोकळं झालं नाही, तर दाब होजच्या पुढे कोंडलाय. होज आतून सुजलाय किंवा त्याच्या आतल्या अस्तराची साल सुटलीय. पायाचा जोर असतो तेव्हा ऑइल चाकाकडे जातं, पण परत यायला तेवढा जोर मागे नसतो. बाहेरून असा होज चकचकीत दिसू शकतो. ओळखीच्या एका गाडीला याच कारणासाठी दोनदा पॅड आणि एकदा कॅलिपर टाकून झाला होता. काढलेल्या होजमध्ये फुंकर मारली तेव्हा एका बाजूने हवा जात होती, दुसरीकडून नाही. होज बदलायचे तर डावा-उजवा जोडीने बदला. एकाचं वय झालं म्हणजे दुसऱ्याचंही झालं. नवा बसवताना त्याला पीळ पडणार नाही आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर तो टायरला घासणार नाही, एवढं बघा.

होजचा जोड सैल करताच चाक मोकळं झालं, तर दोष आणखी वर आहे.

चारही चाकं धरत असतील

मास्टर सिलिंडरमध्ये एक सुईच्या टोकाएवढं भोक असतं. पाय काढल्यावर तापून फुगलेलं ऑइल त्यातून टाकीत परत जातं. मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे आला नाही तर ते भोक झाकलेलं राहतं आणि प्रत्येक ब्रेकगणिक थोडा दाब मागे उरतो. म्हणून आधी पेडल बोटाने दाबून बघा. जोर लागण्याआधी काही मिलिमीटर मोकळी चाल हवीच. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात असतो. अजिबात नसेल तर पेडलपाशी कुणीतरी काहीतरी केलंय: ब्रेक लाइटचा स्विच जास्त पुढे बसवलाय, पुश रॉड (पेडलचा जोर मास्टरला देणारी दांडी) लांब केलाय, किंवा दुप्पट जाडीचं मॅट पेडलच्या मुळाशी गेलंय. शेवटचं हसण्यासारखं वाटतं, पण आधी तेच बघा, फुकटात सुटतं.

चाल ठीक असेल तर ब्रेक धरलेला असताना मास्टर सिलिंडर बूस्टरला (पायाचा जोर वाढवणारा गोल डबा) धरणारे दोन नट सैल करून सिलिंडर थोडा पुढे ओढा. चाकं सुटली तर पुश रॉड किंवा बूस्टर. नाही सुटली तर मास्टर सिलिंडर. बूस्टरचा संशय आणखी एका खुणेवरून येतो: इंजिन चालू असताना ब्रेक धरतो, आणि बंद करून पेडल चार-पाचदा मारलं की सुटतो. बूस्टर घरी उघडायचा नसतो, तो आख्खा बदलतात.

ही परीक्षा संपली की ते दोन नट लगेच कसा. विसरून गाडी बाहेर काढली तर पुढच्या वेळी ब्रेक लागणारच नाही.

आणि आता ते कारण, जे ऐकायला कुणालाच आवडत नाही. ब्रेकच्या टाकीत कुणीतरी इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलेलं असतं. ब्रेकचं रबर पेट्रोलियम तेलात फुगतं. टाकीच्या झाकणाखालचं रबर बाहेर काढा. ते सुजून, सुरकुत्या पडून, जागेवर बसत नसेल तर धोक्याची खूण. खात्रीसाठी टाकीतले दोन थेंब काचेच्या पेल्यातल्या पाण्यात टाका. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं. वर तवंग आला तर तेल मिसळलंय. मग नुसतं ऑइल बदलून भागत नाही. मास्टर, होज, कॅलिपर, मागचे व्हील सिलिंडर (ड्रमच्या आत लायनर ढकलणारे), सगळ्यांची रबरं बदलायची आणि लोखंडी पाइप धुवायचे. हे काम जाणत्या मेकॅनिककडे द्या, आणि तोवर गाडी चालवू नका.

कॅलिपरच जाम असेल तर

घरी करण्यासारखं आणि समाधान देणारं काम हे. कॅलिपरचे दोन बोल्ट सोडून तो उचला आणि तारेने स्प्रिंगला टांगून ठेवा. होजवर लोंबकळू देऊ नका.

आधी दोन्ही पिना ओढून बघा. कॅलिपर या पिनांवर डावी-उजवीकडे सरकतो. पीन सुकली की तो सरकत नाही आणि आतला पॅड संपतो, बाहेरचा जाडच्या जाड राहतो. काढलेल्या दोन पॅडच्या जाडीत असा फरक दिसला की पिनेला पकडा. पॉलिश पेपरने गंज काढा, भोक क्लीनरने साफ करा, आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस इथे चालत नाही, त्याने पिनेचं रबर फुगतं आणि महिन्याभरात पुन्हा तेच. ग्रीस ठासून भरूही नका, हवा कोंडते.

पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथे गंजाचे पापुद्रे साठतात. वायर ब्रशने, गरज पडली तर कानशीने, खाच उघडी करा. पॅड हाताच्या बोटांनी सरकायला हवा, हातोडीने नाही. बाजारातल्या काही नव्या पॅडच्या कानावर रंगाचा जाड थर असतो, तोही घासून काढावा लागतो.

मग पिस्टन, म्हणजे पॅडला ढकलणारा दट्ट्या. निपल उघडं ठेवून सी-क्लॅम्पने तो आत ढकला, म्हणजे जुनं काळं ऑइल बाटलीत जातं, वर मास्टरकडे नाही. तो एकसारखा सरकत आत गेला तर पिस्टन चांगला. क्लॅम्प फार जोर लावून पिळावा लागला, पिस्टन मध्येच अडकला, तर धूळरोधक रबर उचलून आत बघा. तिथे बहुधा विटकरी रंगाचा खरखरीत पट्टा दिसेल: रबर फाटलं, पाणी शिरलं, पिस्टन गंजला. पिस्टनला मागे आणतं ते आतलं चौकोनी कडांचं रबरी सील. ब्रेक दाबला की ते वाकतं, सोडला की सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढतं. तेवढ्या केसभर हालचालीवर ब्रेक सुटणं अवलंबून असतं, म्हणून एवढासा गंजही पुरतो.

पिस्टन बाहेर काढायला पेडलचाच दाब वापरा: समोर लाकडाचा ठोकळा ठेवा, दुसऱ्याला पेडल हळूहळू मारायला सांगा, बोटं मध्ये घालू नका. पंपाची हवा सोडून काढायला गेलात तर पिस्टन गोळीसारखा सुटतो. चकाकी पुसली गेली असेल तर चालतं. नखाला लागणारे खड्डे असतील तर पिस्टन बदलाच. सीलची खाच लाकडी काडीने खरवडून साफ करा, नवं रबर किट ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवा, ग्रीसमध्ये नाही.

मागचा ड्रम

कोकणात चार महिने पावसात अंगणात उभी राहिलेली गाडी, तीही हँडब्रेक ओढून: हे मागच्या चाकांच्या तक्रारीचं सर्वात सामान्य कारण. लायनर ड्रमला गंजाने चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये रेस करून हिसका मारू नका, लायनर शूवरून (ज्या लोखंडी कमानीवर तो बसवलेला असतो) उखडून आत अडकतो. चाक उचलून ड्रमच्या कडेला लाकूड ठेवून गोल फिरत हातोडीने ठोका. बहुतेक वेळा सुटतं.

सुटलं तरी ड्रम उघडाच. काही गाड्यांत तो नुसता स्टडवर बसलेला असतो आणि दिलेल्या भोकांत बोल्ट पिळून बाहेर येतो. बऱ्याच छोट्या मारुतींत बेअरिंग ड्रममध्येच असतं, मधला मोठा नट काढावा लागतो. तो परत पुस्तकात दिलेल्या टॉर्कने (नेमक्या जोराने) कसायचा असतो, तेव्हा टॉर्क पाना नसेल तर हे काम गॅरेजला द्या. ड्रम काढण्याआधी हँडब्रेक केबल सैल करायला विसरू नका.

आत बघण्यासारखं थोडकंच. केबलचं टोक सोडून लिव्हर हाताने हलवा; लिव्हर मोकळा पण केबल परत येत नसेल तर केबल बदला. वरून तेल सोडून ती दोन आठवडे चालते, पुढच्या पावसात पुन्हा अडकते. व्हील सिलिंडरचं रबर उचलून ओल बघा. ओल असेल तर सिलिंडर बदला, आणि ऑइल लागलेले लायनरही. स्प्रिंग ताणली गेली असेल तर नवी टाका, ती सगळ्यात स्वस्त वस्तू. शू ज्या पत्र्यावर टेकतात तिथे खाचा पडल्या असतील तर शू तिथेच अडकतात. खाच घासून सपाट करा आणि किंचितसं ब्रेकचं ग्रीस लावा, लायनरला लागू न देता.

जोडताना क्रम पाळा: आधी शू ॲडजस्ट, नंतर केबल. लायनर झिजले म्हणून केबल आवळत जायचं, ही सवय कित्येक गाड्यांचे मागचे ब्रेक धरायला लावते. हँडब्रेक ओढताना नेमके किती टिक यायला हवेत ते पुस्तकात असतं. हँडब्रेक पूर्ण सोडल्यावर चाक मोकळं फिरलंच पाहिजे, यात तडजोड नाही.

एअर काढणे आणि चाचणी

ऑइल कुठलं ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. ताजं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ किमान २३० ला. हवेतली ओल शोषून ते उतरतं: ३.७ टक्के पाणी मिसळलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. म्हणून कपाटातली अर्धी बाटली वापरू नका आणि दोन वर्षांनी ऑइल बदला. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल, ते यात मिसळायचं नाही.

एअर (ब्रेकच्या पाइपात शिरलेली हवा) काढताना सहसा मास्टरपासून सर्वात लांबचं चाक आधी. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत ते मागचं डावं. तिरप्या लाइनच्या गाड्यांचा क्रम वेगळा असू शकतो, पुस्तकाचं ऐका. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचं, मगच पेडल सोडायचं. नळीतले बुडबुडे थांबेपर्यंत हे चालतं. टाकी रिकामी होऊ दिली तर पहिल्यापासून सुरुवात.

पेडल घट्ट लागलं की इंजिन चालू करून अर्धा मिनिट जोरात दाबून धरा. खाली सरकत गेलं तर कुठेतरी गळती आहे. सगळे जोड पुसून कोरड्या कागदाने तपासा. मग आवारातच चालण्याच्या वेगाने ब्रेक मारून बघा, नंतर रिकामा रस्ता, आणि दहा किलोमीटरनंतर तीच पहिली परीक्षा: चारही रिमजवळ हात. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर व्हील नट पुन्हा एकदा कसा.

रस्त्यातच चाकातून धूर आला तर गाडी बाजूला घ्या, पाणी ओतू नका. तापलेली डिस्क वाकते किंवा तडकते. हँडब्रेकही ओढू नका, गिअर टाका आणि दगड लावा. गार व्हायला अर्धा तास द्या आणि तिथून टोइंग बोलवा.

पुढच्या जूनमध्ये गाडी उभी करायची असेल तर शेवटचा एक किलोमीटर ब्रेक हलका दाबत चालवा म्हणजे डिस्क आणि ड्रम सुकतात. सपाट जागी पहिला गिअर, चाकांना दगड, हँडब्रेक सुटा. आणि पंधरवड्यातून एकदा कुणाकडून तरी तिला चार हात पुढे-मागे करून घ्या.